अकरा महिन्यांचा करार आणि २००० नंतरचा भाडे कायदा: मालक-भाडेकरूंनी काय करावे

महाराष्ट्रात घर भाड्याने द्यायचे ठरले की एजंटपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे एकच मुदत सांगतात: अकरा महिने. का, असे विचारले की उत्तर ठरलेले असते, ‘वर्ष भरलं की भाडेकरू हक्क सांगतो.’ या समजुतीपायी मालक दर वर्षी नव्याने खर्च करतात आणि भाडेकरू दर वर्षी घर शोधावे लागेल या धास्तीत राहतात. दोघांचे खरे रक्षण करणारी नोंदणी मात्र पुष्कळदा राहूनच जाते. स्टॅम्प पेपरवर टाइप करायचे, नोटरीचा शिक्का घ्यायचा आणि काम झाले असे मानायचे. ते काम झालेले नसते.

अकरा महिन्यांची सवय केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळे लागली. त्या कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. मुदत वर्षाच्या आत ठेवली की नोंदणी टळते. महाराष्ट्रात ही वाट ३१ मार्च २००० रोजी बंद झाली. त्या दिवसापासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार करार भाडेपट्ट्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, एका महिन्याचा असो की पाच वर्षांचा, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

शिक्षेपेक्षाही याच कलमातला दुसरा भाग मालकाने नीट वाचावा. नोंदलेला करार नसेल तर वादाच्या वेळी भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, आणि त्या तशा नव्हत्या हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर पडते. भाडे २५,००० ठरले होते आणि भाडेकरू १५,००० म्हणाला, किंवा मुदत तीन वर्षांची होती म्हणाला, तर नोटरीचा कागद दाखवून मालक सुटत नाही.

कागद कोणता, ते आधी ओळखा

रोजच्या बोलण्यात घरात राहणारा तो भाडेकरू. कायद्याला मात्र दोन वेगळी नाती दिसतात. भाडेपट्ट्यात, म्हणजे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०५ खालच्या करारात, राहणाऱ्याला त्या मालमत्तेत हितसंबंध मिळतो. लिव्ह अँड लायसन्समध्ये, म्हणजे सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ खालच्या करारात, त्याला फक्त वापराची परवानगी मिळते. दोन्ही कायदे १८८२ चे. मुंबई-पुण्यात आज होणारे बहुतेक नवे निवासी करार लिव्ह अँड लायसन्सचे असतात. चाळीतली जुनी खोली, पागडीचे, म्हणजे एकरकमी मोबदला देऊन भाड्याने घेतलेले दुकान, वडिलांच्या वेळची भाडेपावती हा सगळा भाडेकरूपणा.

मालकांच्या मनातली भीती निराधार नाही, तिला इतिहास आहे. मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा भाडे जवळजवळ गोठवून बसला होता. भाडेकरूचे संरक्षण टाळण्यासाठी मालक लायसन्स देऊ लागले, तेव्हा सरकारने कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सखाली राहणाऱ्यांना एका फटक्यात संरक्षित भाडेकरू केले. पुढे डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भाडे जुन्या काळाला खिळवून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात मनमानी ठरल्या आहेत. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या कायद्याने मुंबईचा १९४७ चा, विदर्भातला १९४९ चा आणि मराठवाड्यातला हैदराबाद संस्थानाच्या परंपरेतला १९५४ चा, अशा तिन्ही जुन्या व्यवस्था काढून राज्यभर एकच कायदा आणला. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण त्याने ठेवले. नव्या लायसन्सधारकाला मात्र, मुदत संपली की घर सोडावे लागेल अशी सरळ तरतूद केली. म्हणजे १९७३ ची भीती आजच्या नोंदलेल्या निवासी लायसन्सला लावणे चूक आहे.

काही जागा या कायद्याच्या कक्षेतच नाहीत. बँका, सार्वजनिक उपक्रम, परदेशी वकिलाती, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि १ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल, म्हणजे भागधारकांनी भरलेले भांडवल, असलेल्या कंपन्या यांना भाड्याने दिलेल्या जागांना कलम ३ मुळे भाडे नियंत्रणाचे संरक्षण नाही. जुनी जागा अशा कंपनीकडे असेल तर मालकाने तिचे भरणा भांडवल तपासून पाहावे. पुष्कळ जुन्या व्यापारी वादांचा निकाल या एका आकड्यावर लागतो. गोव्यात यातले काहीच लागू नाही. तिथे १९६८ चा स्वतंत्र भाडे कायदा आहे, त्यामुळे सावंतवाडीचा नमुना करार म्हापशात जसाच्या तसा वापरू नये.

जुने भाडेकरू आणि त्यांचे मालक

जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत मालकाला १९९९ च्या कायद्याच्या कलम ११ नुसार दर वर्षी ४ टक्के भाडेवाढीचा हक्क आहे. हा हक्क वापरायचा असेल तर लेखी पत्र देऊन वापरा आणि त्याची पोच ठेवा. वर्षानुवर्षे काहीच न कळवता एकदम मोठी थकबाकी मागितली की त्यातून दावाच उभा राहतो. महानगरपालिकेने कर वाढवला तर ती वाढ वेगळी मागता येते.

भाडे थकले म्हणून भाडेकरू लगेच बाहेर जात नाही. कलम १५ चा क्रम असा आहे: मालकाने थकीत रकमेची लेखी नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबायचे, त्यानंतरच दावा. दावा लागून समन्स बजावले गेल्यावर भाडेकरूला पुन्हा ९० दिवस मिळतात. त्या काळात त्याने सगळी थकबाकी, त्यावर १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला आणि दावा संपेपर्यंत भाडे भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून ताबा जात नाही. भाडेकरू इथे दोन चुका करतात. नोटीस आली की तोंडी बोलणी करत बसतात, किंवा मुद्दल भरतात आणि व्याज विसरतात. ९० दिवस समन्स मिळाल्यापासून मोजायचे असतात, वकील गाठल्यापासून नाही.

मालक भाडे घेतच नसेल, कारण त्याला थकबाकी ‘घडवायची’ असेल, तर गप्प बसू नका. त्याच्या बँक खात्यावर पाठवा. खाते माहीत नसेल तर स्पीड पोस्टने पत्र पाठवा की भाडे तयार आहे, कुठे भरू ते कळवा. ते पाकीट नाकारले गेले तर न उघडता तसेच ठेवा. भाडेपावती देणे कलम ३१ नुसार मालकावर बंधनकारक आहे आणि न देणे हा गुन्हा आहे, म्हणून पावती हक्काने मागा.

दुरुस्तीबद्दल भाडेकरूंना फार कमी माहिती असते. घर राहण्याजोगे ठेवणे हे कलम १४ नुसार मालकाचे काम आहे. त्याने केले नाही तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची, तरीही दुर्लक्ष झाले तर दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायचा. मर्यादा एकच, वर्षभरात वळती केलेली रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून जास्त नको. महिना ६०० रुपये भाड्याच्या खोलीसाठी हे वर्षाला १,८०० रुपये होतात. गळका पत्रा बदलायलाही ते पुरत नाहीत. तरतूद चांगली आहे, पण गोठलेल्या भाड्याने ती दुबळी केली आहे, हे मान्य केले पाहिजे. आणि दुरुस्ती करताना मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्के बांधकाम करू नका. तेच ताबा घेण्याचे कारण होऊ शकते.

ताबा मागण्याची कारणे कलम १६ मध्ये मोजून दिली आहेत: पोटभाडेकरू ठेवणे, उपद्रव, पक्के बांधकाम, मालकाची खरीखुरी निकड, पाडून नवे बांधायचे असणे वगैरे. यातले सगळ्यांत जास्त दुर्लक्षित कारण म्हणजे दावा लावण्याच्या आधीचे सलग सहा महिने जागा, दिली होती त्या कामासाठी, सबळ कारण नसताना न वापरणे. गावी राहायला गेलेली मंडळी गिरगाव-परळची खोली वर्षानुवर्षे कुलूपबंद ठेवतात. त्यांचा हक्क याच कारणाने जातो. वीजबिलातले शून्य युनिट हा त्याचा पहिला पुरावा असतो. उलट, मालकाने निकड दाखवली तरी तेवढ्याने पुरत नाही. ताबा दिल्याने जास्त हाल कोणाचे होतील, हेही न्यायालयाला पाहावे लागते.

पागडीचे पैसे १९४७ च्या कायद्यात गुन्हा होते. आज कलम ५६ मुळे भाडेकरूला जागा सोडण्यासाठी किंवा हक्क दुसऱ्याच्या नावे करण्यासाठी, आणि मालकाला त्या संमतीसाठी, मोबदला घेता येतो. मालकाचा वाटा ‘तेहतीस टक्के’ असे जे सांगितले जाते ते कायद्यात नाही, तो बाजाराचा रिवाज आहे. म्हणजे त्यावर घासाघीस करता येते. व्यवहार चेकने करा, मालकाची लेखी संमती घ्या आणि नवी भाडेपावती हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

नवा करार: मुदत, खर्च, नोंदणी

लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत केला तर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते तीन गोष्टींच्या बेरजेवर लागते: पूर्ण मुदतीचे भाडे, परत न मिळणारी रक्कम असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले मानीव व्याज. शेवटची गोष्ट अशासाठी की नाममात्र भाडे आणि गलेलठ्ठ अनामत दाखवून शुल्क चुकवता येऊ नये. ६० महिन्यांच्या पुढे गेलात की भाडेपट्ट्याचे, म्हणजे पुष्कळ जड, शुल्क लागते. पाच वर्षांची रेघ ओलांडू नका. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये.

हिशेब करून पाहू. भाडे २५,००० रुपये, अनामत १ लाख, मुदत ११ महिने. भाड्याची बेरीज २,७५,००० आणि अनामतीवरचे मानीव व्याज ९,१६७, मिळून २,८४,१६७. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे सुमारे ७१० रुपये. आता हाच करार, दर ११ महिन्यांनी ५ टक्के वाढ धरून, एकदम ३३ महिन्यांचा केला तर भाड्याची बेरीज साधारण ८,६६,९०० आणि व्याज २७,५००; शुल्क सुमारे २,२४० रुपये. तीन वेळा वेगवेगळे करार केले तरी शुल्काची एकूण रक्कम तेवढीच भरते. फरक पडतो तो नोंदणी फीत: एकदा १,००० की तीनदा ३,०००. वर दर खेपेला एजंटचे पैसे, सगळ्यांचे अंगठे आणि सोसायटीकडे नवी प्रत. भाडेकरू चांगला असेल तर ३३ किंवा ३६ महिन्यांचा करार करा, त्यात दर वर्षाची वाढ आकड्यांत लिहा आणि दोघांनाही एक-दोन महिन्यांच्या नोटिशीने बाहेर पडता येईल असे कलम ठेवा. अकरा महिन्यांच्या करारातली मोकळीक या एका कलमाने मिळते.

नोंदणी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून घरबसल्या होते. पोर्टलवर जिल्हा, मिळकत, दोन्ही पक्ष, भाडे, अनामत आणि अटी भरायच्या, मसुदा छापून वाचायचा, ग्रास या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीतून शुल्क आणि फी भरायची, मग आधारच्या आधारे दोन्ही पक्षांचे आणि दोन साक्षीदारांचे फोटो व बोटांचे ठसे द्यायचे आणि दस्त पाठवायचा. दुय्यम निबंधक तपासून तो नोंदवतो आणि सही झालेली प्रत डाउनलोड करता येते. बोटांचे ठसे घेणारे यंत्र स्वतःकडे नसेल तर अधिकृत सेवा पुरवठादार ते घेऊन घरी येतो.

काम अडते ते पुढच्या ठिकाणी. वयस्कर मालकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि ठसा जुळत नाही. सगळी बोटे करून पाहा, नाहीच जमले तर दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन नोंदणी करा. आधारवरचे नाव आणि खरेदीखतावरचे नाव वेगळे निघते. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो आणि सही एकाचीच होते; सगळे सहमालक करारात हवेत. फ्लॅटचा क्रमांक, मजला, क्षेत्रफळ हे एजंटच्या आठवणीतून भरले जाते. ते इंडेक्स टूवरूनच, म्हणजे नोंदलेल्या खरेदीखताच्या सरकारी गोषवाऱ्यावरूनच, भरा, कारण नोंदणी झाल्यावरची चूक सुधारायला पुन्हा वेगळा चूकदुरुस्ती दस्त करावा लागतो. पाठवण्याआधी मसुदा दोन्ही पक्षांनी मोठ्याने वाचावा. वीस मिनिटे लागतात.

करारात काय हवे

छापील नमुन्यात भाडे, मुदत, अनामत असते. भांडणे होतात ती त्यात नसलेल्या गोष्टींवरून.

अनामत कधी परत करायची, ते दिवसासकट लिहा. ‘घर सोडल्यावर’ या शब्दांत दोन महिने मावतात. ‘चावी हातात देताना त्याच वेळी, बँक खात्यावर’ असे लिहा, आणि उशीर झाल्यास व्याजाचा दर लिहा. महाराष्ट्रात लायसन्सच्या अनामतीला कायद्याची कमाल मर्यादा नाही. जे ठरेल तेच. त्यामुळे ‘हेवी डिपॉझिट’वर, म्हणजे भाडे न देता दहा-पंधरा लाख मालकाकडे ठेवून, घर घेणाऱ्यांनी फार सावध राहावे. ती रक्कम कशानेही तारण नसलेले कर्ज असते. घरावर बँकेचा बोजा असेल आणि मालकाचे हप्ते थकले तर बँक थकीत कर्जाच्या वसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याखाली घराचा ताबा घेते, लायसन्सधारक तिला अडवू शकत नाही आणि अनामत मालकाकडूनच वसूल करत बसावी लागते. घर गहाण आहे का हे विचारा, आणि असल्यास बँकेचे लेखी ना-हरकत पत्र पाहा.

मालकाने मध्येच घर विकले तर? सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५९ नुसार नवा खरेदीदार जुन्या लायसन्सने बांधला जात नाही. भाडेकरूने म्हणून एक ओळ घालून घ्यावी: विक्री करायची असल्यास किमान दोन महिने आधी लेखी कळवावे आणि अनामत मालकानेच परत करावी. लायसन्स वारसांकडेही जात नाही. करार एकट्याच्या नावे असेल आणि घरात कुटुंब राहणार असेल तर नवरा-बायको दोघांची नावे घाला.

मेंटेनन्स कोण भरणार, वीज-पाणी-गॅस कोण, रंगकाम आणि साफसफाईसाठी किती रुपयांपर्यंत कापायचे, गीझर-पंखे बिघडले तर किती रकमेपर्यंत भाडेकरूने आणि त्यापुढे मालकाने, हे आकड्यांत लिहा. फर्निचर असेल तर यादी जोडा आणि ताबा देताना प्रत्येक खोलीचे, विजेच्या मीटरचे फोटो एकमेकांना पाठवा.

सोसायटीची परवानगी लागत नाही. लागते ते कळवणे: कराराची प्रत आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची पोच द्यायची. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटीला बिनभोगवटा शुल्क घेता येते, पण १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नको. त्यात महानगरपालिकेचे कर धरायचे नाहीत. भाड्याच्या टक्केवारीत शुल्क मागणाऱ्या सोसायटीला हाच आदेश दाखवा. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचे आदेश शहरांचे पोलीस आयुक्त वेळोवेळी काढतात. ते मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली मालकावर गुन्हा नोंदतो. ही माहिती ऑनलाइन भरता येते, पोच जपून ठेवा.

मुदत संपली आणि घर सुटत नाही

निवासी लायसन्ससाठी १९९९ च्या भाडे कायद्याचे कलम २४ हा मालकाचा मुख्य आधार आहे. मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याविरुद्ध न्यायालयात नव्हे, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. लेखी लायसन्स करार तिथे त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणून ‘कागदावर लायसन्स होते पण खरे नाते भाडेकरूचे होते’ हा युक्तिवाद चालत नाही. मुदतीनंतरच्या प्रत्येक महिन्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. लायसन्सधारकाने आत दुसऱ्याच कोणाला आणून बसवले असेल तर त्या तिसऱ्या माणसाचे दावे प्राधिकारी ऐकत नाही.

मालकाने अर्जासोबत नोंदलेला करार, इंडेक्स टू, मुदत संपल्याची लेखी आठवण आणि तिची पोच, आणि भाड्याच्या जमेचा बँक उतारा जोडावा. एक चूक वारंवार होते: मुदत संपल्यावरही मालक ‘भाडे’ म्हणून रक्कम घेत राहतो आणि समोरचा म्हणतो, करार वाढला होता. पैसे घ्यायचेच असतील तर आधी लेखी कळवा की ही रक्कम नुकसानभरपाईपोटी स्वीकारत आहोत, मुदत वाढवलेली नाही. कलमातले शब्द ‘मुदत संपल्यावर’ असे आहेत. म्हणून भाडे थकल्यामुळे करार मध्येच रद्द केला असेल तर नुसते मेसेज पाठवून भागत नाही; करारात तसे कलम हवे आणि त्यातली नोटीस जशीच्या तशी पाळलेली हवी. आणि हा मार्ग राहत्या घरापुरताच आहे. दुकान-गाळ्याच्या लायसन्ससाठी मुंबई-पुण्यात लघुवाद न्यायालय, इतरत्र दिवाणी न्यायालय.

भाडेकरूच्या बाजूने सगळ्यांत महत्त्वाचा आकडा ३०. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र करून बचावाची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर मालकाचा अर्ज मान्य केला असे धरून घर रिकामे करण्याचा हुकूम होतो. त्यावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण, म्हणजे वरिष्ठांकडून हुकूम तपासून घेणे, आहे. मुदत संपली नव्हती, नवा करार झाला होता, अर्जदार मालकच नाही, असे खरे मुद्दे असतील तर ते याच प्रतिज्ञापत्रात कागदांसह यायला हवेत. अनामत अडकली आहे म्हणून घर धरून ठेवणे मात्र महागात पडते; दुप्पट भरपाई अनामत खाऊन टाकते. घर सोडा, ताबा दिल्याची पोच घ्या आणि अनामतीसाठी नोटीस देऊन दिवाणी दावा करा.

मालकाने कुलूप बदलणे, पाणी तोडणे, मीटर काढणे हे करूच नये. भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडण्याला भाडे कायद्याच्या कलम २९ ने मनाई केली आहे. कायदेशीर मार्गाशिवाय ताब्यातून बाहेर काढलेल्या माणसाला विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत ताबा परत मागता येतो. कागद भक्कम असलेला मालकही अशा एका रात्रीच्या रागाने आपली बाजू कमजोर करून घेतो.

‘नवा भाडे कायदा’ म्हणून फिरणारे मेसेज

दोन महिन्यांहून जास्त अनामत घेता येणार नाही, घरी येण्याआधी मालकाला २४ तास आधी कळवावे लागेल, मुदतीनंतर राहिल्यास पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडे, साठ दिवसांत निकाल, असे मेसेज फॉरवर्ड होत असतात. या तरतुदी खऱ्या आहेत, पण आदर्श भाडेकरार कायद्यातल्या. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला २ जून २०२१ रोजी मान्यता दिली. तो राज्यांना दिलेला नमुना आहे, कारण जमीन आणि घरभाडे हा राज्यांचा विषय. उत्तर प्रदेश, तामिळनाडू, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी त्याच्या धर्तीवर आपले कायदे बदलले. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो, त्यामुळे ‘दोनच महिन्यांची अनामत’ हा हक्क म्हणून इथे मागता येत नाही.

तरी त्या नमुन्यातल्या चांगल्या गोष्टी करारात लिहून घ्यायला कोणाची आडकाठी नाही. मालक येण्याआधी २४ तास कळवेल आणि सकाळी सात ते रात्री आठ याच वेळेत येईल, ही ओळ मुली एकत्र राहतात अशा घरांत तर असायलाच हवी. राज्याने पुढे तो नमुना स्वीकारला तरी तो पुढच्या करारांसाठी लिहिलेला आहे, चालू भाडेकरूपणाला तो हात लावत नाही. चाळीतल्या जुन्या भाडेकरूंना या मेसेजने घाबरवले जाते, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे.

मालक परदेशात असेल तर

पुण्या-ठाण्यातली कितीतरी घरे दुबई, लंडन, न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांची आहेत. अशा मालकाचा ठसा ऑनलाइन घेता येत नाही, म्हणून इथल्या नातेवाइकाला कुलमुखत्यारपत्र द्यावे लागते. परदेशात केलेले कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर करावे आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. त्यात ‘लिव्ह अँड लायसन्स करार करणे, नोंदवणे, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करणे’ हे अधिकार स्पष्ट लिहा. नुसते ‘मालमत्तेची देखभाल’ लिहिले की दुय्यम निबंधक परत पाठवतो.

भाडेकरूनेही इथे जपावे. मालक भारतात राहणारा असेल तर भाडे महिना ५०,००० रुपयांच्या वर गेल्यावरच भाडेकरूला २ टक्के टीडीएस, म्हणजे भाडे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर, कापावा लागतो. मालक करासाठी अनिवासी असेल तर ही मर्यादाच नाही. भाडे २०,००० असले तरी कर कापावा लागतो आणि दर ३० टक्के, शिवाय उपकर. मालकाने कमी दराचे प्रमाणपत्र आयकर विभागाकडून आणले असेल तरच कमी. न कापल्यास वसुली भाडेकरूकडून होते. म्हणून सही करण्याआधी थेट विचारा: तुम्ही करासाठी निवासी आहात का? आणि ते उत्तर करारात घाला.

चावी परत देण्याचा दिवस

निघण्याच्या महिनाभर आधी लेखी कळवा, करारात नोटिशीची मुदत वेगळी असेल तर तेवढे आधी. शेवटच्या आठवड्यात मालकाने एकदा घर पाहून कापायच्या गोष्टींची यादी द्यावी, म्हणजे भाडेकरूला दुरुस्ती करायला वेळ राहतो. सामान टेम्पोत चढत असताना निघालेल्या यादीवरून फक्त भांडण होते. वीज आणि पाइप गॅसचे त्या दिवसाचे वाचन दोघांनी फोटो काढून घ्यावे. शेवटचे बिल यायचे असेल तर त्याच्या अंदाजाची रक्कम वेगळी काढावी, पूर्ण अनामत अडवू नये. मग एका कागदावर तारीख, वेळ, दिलेल्या चाव्यांची संख्या, परत केलेली अनामत आणि बँक व्यवहाराचा क्रमांक लिहून दोघांनी सह्या कराव्यात. करार मुदतीआधी संपत असेल तर त्या कागदावर ‘परस्परसंमतीने आजपासून रद्द’ असे लिहा. रकमा खात्यावर दिसल्यावरच चावी हातातून हातात द्या, आणि त्या कागदाची एक प्रत सोसायटीच्या कार्यालयात ठेवा.